नऊचा आकडा



आपल्या खेड्यांत दाराचा प्रश्न फारसा कधी उद्भवत नाही. दिवस उजाडला की दार उघडते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर ते लोटले जाते. मधल्या वेळी येणाऱ्याने पायरीवरून "आहेत का घरात?" अशी हाक द्यावी आणि आतून "या की" असे उत्तर यावे, एवढाच आपला दाराचा शिष्टाचार. तेव्हा एका बंद दाराविषयी मी इतके लिहावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु त्या दाराने मला एक धडा शिकविला, आणि तो शिकताना मला खाली मान घालावी लागली. शिवाय आज आपली मुलेबाळे पणजी, बेळगाव, वडोदरे, हैदराबाद येथील उंच इमारतींत, कित्येक तर समुद्रापलीकडे, राहावयास गेली आहेत. तेव्हा ही हकीकत आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

गोष्ट २०१२ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली. त्या वर्षी अभ्यासानिमित्त मी कॅनडा देशातील टोरांटो शहराजवळ राहत होतो. दर गुरुवारी दुपारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी चार-पाच घरी जाण्याचे काम तेथील धर्मगुरूंनी मजकडे सोपविले होते. त्या घरांपैकी एक घर आपल्या माणसांचे होते. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातले ते कुटुंब; मुलगा व सून दोघेही कामावर जाणारी. मुलाने आईला आपल्याजवळ आणून ठेवले होते. आजींचे वय ऐंशीच्या घरात, पायाला न भरणारी जखम, कानांनी थोडे कमी ऐकू येणारे. पण स्मरण मात्र लख्ख. माझ्या आजोळची चार पिढ्यांची नावे त्या मला न चुकता सांगत.

ते बिऱ्हाड चौदाव्या मजल्यावर होते. तेथील इमारतींचे खालचे दार सदैव कुलूपबंद असते. दाराशेजारी भिंतीत एक पोलादी पेटी बसविलेली असते. तिच्यावर आकड्यांची बटणे, बोलण्यासाठी बारीक छिद्रे आणि रहिवाशांच्या नावांची यादी. प्रत्येक नावापुढे तीन आकड्यांचा एक संकेत असतो. घराचा खरा क्रमांक तेथे मुद्दामच देत नाहीत, कारण कोण कोणत्या मजल्यावर राहतो हे वाटेवरच्या परक्याला कळू नये. आपण तो संकेत दाबला की पेटी स्वतःच त्या घरचा टेलिफोन लावते. घरधन्याने फोन उचलून "कोण?" असे विचारावे, ओळख पटली तर आपल्या फोनवरचा ९ हा आकडा दाबावा, की खाली दाराच्या चौकटीतला विजेचा खटका घर्र् असा आवाज करून सैल होतो आणि काही क्षणांपुरते दार ढकलता येते.

सप्टेंबर महिन्यात आजींनी मला असे तीन-चार वेळा आत घेतले होते. वर गेल्यावर त्या मोठ्या अभिमानाने म्हणत, "बघा फादर, बसल्या जागेवरून दार उघडते मी. आमच्या गावात कुणाला सांगितले तर खरे वाटायचे नाही."

ऑक्टोबरच्या मध्यानंतर मात्र दार उघडेनासे झाले. मी संकेत दाबी, वर घंटी वाजे, आजी फोन उचलीत, आमचे बोलणेही होई. पण त्यांनी ९ दाबला म्हणून सांगितले तरी खाली खटका हलत नसे. मिनिटभराने पेटी आपणहून बोलणे तोडून टाकी. कोणी रहिवासी आत-बाहेर करू लागला की त्याच्यामागून मी जाई. दोन वेळा तसे झाले. तिसऱ्या गुरुवारी कोणीच येईना. सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता, चार वाजताच काळोख दाटू लागला होता, आणि पुढची दोन घरे माझी वाट पाहत होती. चौथ्यांदा फोन लागला तेव्हा माझा आवाज चढला. मी म्हणालो, "आजी, किती वेळा सांगू? नऊ! आठाच्या पुढचा नऊ! दुसरे काही दाबू नका हो!"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग आजी हळू आवाजात म्हणाल्या, "मी नऊच दाबते की हो, फादर."

त्या दिवशी मी वर न जाताच परतलो.

रात्री त्यांच्या मुलाचा मला फोन आला. जखमेवर पट्टी बांधणारी परिचारिकाही दोन वेळा खालूनच परत गेली होती, असे त्याने सांगितले. तो मुलगा वाईट नव्हता. उलट आईसाठी जिवाचे रान करणारा होता. परंतु तो थकला होता. तो म्हणाला, "फादर, आईचे आता चालत नाही. डोके थकले तिचे. साधे बटण दाबता येत नाही. दिवसभर एकटी असते. उद्या काही झाले तर ती दारही उघडू शकणार नाही. आम्ही दोघांनी ठरवले आहे, तिला वृद्धाश्रमात ठेवावे. ती तुमचे ऐकेल. तुम्ही एकदा समजावून सांगा."

आणि वाचकहो, मी होकार दिला. दारात थंडीने कुडकुडत उभा राहिलेला मी, मलाही तेच वाटत होते. ज्या बाईला चार पिढ्यांची नावे पाठ होती, तिला आठ आणि नऊ यांतील भेद कळेनासा झाला, यात काही विसंगती आहे हे माझ्या मनातही आले नाही.

पुढच्या गुरुवारी मी त्या कामगिरीवर निघालो. दार उघडणार नाही हे ठाऊक असल्यामुळे प्रथम इमारतीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांची खोली गाठली आणि किल्ली मागितली. ते साठी उलटलेले, हातात सदैव पेचकस बाळगणारे गृहस्थ होते. मी सारी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "बाई म्हाताऱ्या आहेत. चुकीचे बटण दाबतात." त्यांनी किल्ली न देता हत्यारांची पेटी उचलली व म्हणाले, "असेलही. पण आधी तारेला विचारू, मग आजींना."

त्यानंतरच्या पाऊण तासात त्यांनी जे केले ते मी लक्षपूर्वक पाहिले.

त्यांनी पहिला प्रश्न मलाच केला: "हे कधीपासून? आणि त्याच्या आधी काय बदलले?" ऑक्टोबरपासून, एवढेच मी सांगू शकलो. काय बदलले ते मला ठाऊक नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले, "ते आपोआप सापडेल."

मग त्यांनी किल्लीने पेटीचे झाकण उघडले. आतली पाटी कोरडी आहे की नाही, तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढला आहे की काय, हे पाहिले. पाऊस आणि वितळलेला बर्फ आत शिरून पेट्या बिघडणे ही तेथली नित्याची गोष्ट आहे. सर्व कोरडे होते. नंतर विजेचा दाब मोजण्याचे मल्टिमीटर काढून त्यांनी टेलिफोनच्या दोन तारांना लावले. फोन खाली ठेवलेला असताना तारांवर सुमारे ४८ व्होल्ट असावे लागतात आणि फोन उचलताच ते दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतात. काटा बरोबर तसाच हलला. म्हणजे तार जिवंत होती. घंटी वाजत होती आणि बोलणे दोन्हीकडे ऐकू जात होते, यावरूनही तेच सिद्ध होत होते.

दुसरी शंका खटक्याची. त्या इमारतीत भिंतीतल्या विजेचे १२० व्होल्ट एका छोट्या ट्रान्सफॉर्मरने २४ व्होल्टांवर आणून ते खटक्याला दिले होते. पेटीतला रिले नावाचा लहानसा स्विच बंद झाला की खटक्याच्या गुंडाळीत वीज खेळते. ती वीज एका सेकंदात साठ वेळा उलटसुलट होते आणि लोखंडाला थरथरविते, म्हणूनच तो घर्र् आवाज. रिले चिकटला, ट्रान्सफॉर्मर जळला, लांबच्या बारीक तारेत दाब गळाला किंवा चौकट झुकून जीभ अडकली, तरी दार उघडणार नाही. हे सारे तपासण्यास किती वेळ लागेल, असे मला वाटले. परंतु त्या गृहस्थांनी एकही पेच न काढता ते तपासले. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरील एका ओळखीच्या रहिवाशाचा संकेत दाबला आणि त्याला ९ दाबावयास सांगितले. घर्र्! दार उघडले.

एका कृतीत रिले, ट्रान्सफॉर्मर, तार, खटका आणि चौकट हे पाचही साक्षीदार निर्दोष सुटले. दोष त्यांच्यापैकी कोणात असता तर तो साऱ्या इमारतीला भोगावा लागला असता. तो एकाच घराला होता. म्हणजे तो त्या घरातच असला पाहिजे.

मी म्हणालो, "म्हणजे आजीच."

ते म्हणाले, "आजी, किंवा आजींचा फोन. हे दोन आहेत, एक नाही. तुम्ही वर जा. मी इथून घंटी देतो. आजींना हात लावू देऊ नका. ९ तुम्ही दाबा."

मी वर गेलो. मागच्या गुरुवारच्या माझ्या बोलण्यानंतर आजी माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांच्या खाटेशेजारी मेजावर एक मोठा, ठळक अंकांचा टेलिफोन होता. घंटी वाजली. मी फोन उचलला आणि माझ्या स्वतःच्या बोटाने, माझ्या स्वतःच्या डोळ्यांदेखत, नऊचे बटण दाबले. एकदा दाबले, दोनदा दाबले, तिसऱ्यांदा दाबून धरले.

"उघडले?"

"नाही," खालून उत्तर आले.

वाचकहो, त्या एका शब्दाने माझी काय अवस्था झाली ते सांगता येत नाही. मी शिकलेला, धडधाकट, तरुण माणूस. आणि मलाही ते दार उघडत नव्हते.

"बटण दाबल्यावर तुमच्या कानात काय वाजते?" त्यांनी विचारले. मी पुन्हा दाबून ऐकले. "टक् टक् टक्, असे काही."

ते गृहस्थ फोनवरच मोठ्याने हसले. "टक् टक् नाही, टूँ असे वाजायला हवे. फोन उपडा करा. खाली एक छोटा सरकता स्विच असेल."

होता. त्याच्या एका बाजूस 'टी' आणि दुसऱ्या बाजूस 'पी' अशी रोमन अक्षरे कोरलेली होती, आणि स्विच 'पी'कडे होता. मी तो नखाने 'टी'कडे सरकविला व नऊ दाबला. कानात दुहेरी सूर उमटला आणि खालून घर्र् आवाज मला फोनमधून स्पष्ट ऐकू आला.

याचे कारण त्या गृहस्थांनी वर येऊन मला समजावून दिले. ते आपणांसही सांगतो. पोस्टात किंवा सावकाराच्या घरी काळा, चकतीचा टेलिफोन आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. भोकात बोट घालून चकती फिरवावी आणि सोडावी, ती परत येताना तारेतली वीज तितक्या वेळा तुटे. नवासाठी नऊ वेळा, शून्यासाठी दहा वेळा, एका सेकंदास सुमारे दहा या वेगाने. दूरचे केंद्र ते तुटणे मोजून आकडा ओळखी. ही ठोक्यांची रीत. पुढे १९६३ साली अमेरिकेत बटणांचा टेलिफोन लोकांच्या हाती आला व त्याबरोबर सुरांची रीत आली. तीत प्रत्येक बटणाला दोन सूर असतात, एक आडव्या ओळीचा व एक उभ्या ओळीचा. नवाचे सूर म्हणजे सेकंदास ८५२ आणि १४७७ कंपनांचे. दोन सूर एकदम घेण्याचे कारण असे की, माणसाच्या बोलण्यातून एखादा सूर चुकून निघेलही, पण नेमके ते दोन एकत्र सहसा निघत नाहीत.

काही टेलिफोनांत दोन्ही रीती ठेवलेल्या असतात आणि स्विचने त्यांतली एक निवडता येते. तेथील टेलिफोन केंद्राला जुनी ठोक्यांची भाषाही समजत होती. म्हणून त्या फोनवरून मुलाला फोन लागत असे, आणि फोन बिघडला आहे असा संशय कोणास आला नाही. दारावरच्या पेटीला मात्र फक्त सुरांची भाषा येत होती. आजी नऊ म्हणत होत्या. पण फोन ते अशा भाषेत सांगत होता, जी पेटीला येतच नव्हती.

मी राहत होतो त्याच प्रांतातील ब्रँटफर्ड गावी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या वडिलांचे घर होते. १८७६ च्या ऑगस्ट महिन्यात तेथे बोललेले शब्द सुमारे तेरा किलोमीटरांवरील पॅरिस नावाच्या गावी तारेवरून ऐकू गेले. चौदा मजल्यांचे अंतर तर त्याहून कितीतरी कमी. तरी आमच्यापैकी कोणालाच आजींचे म्हणणे ऐकू आले नव्हते.

राहिला तो पहिला प्रश्न: काय बदलले होते? आजींनीच उत्तर दिले. ऑक्टोबरमध्ये मुलाने जुन्या वस्तूंच्या दुकानातून हा मोठ्या अंकांचा फोन आणला होता, आईला आकडे नीट दिसावेत म्हणून. स्विच दुकानातूनच तसा आला असावा. मुलगा व सून यांच्यापाशी दाराच्या किल्ल्या होत्या. दिवसा ती दोघे घरी नसत. त्यामुळे त्या फोनवरून दार उघडण्याचा प्रसंग आजींखेरीज कोणावरच आला नाही. ज्या वस्तूने आईची सोय व्हावी म्हणून लेकाने पैसे मोजले, तिनेच आईला खोटे पाडले. आणि फोन नवा, अंक मोठे, तेव्हा चूक आईचीच, असा निष्कर्ष सर्वांनी काढला.

मी आजींपुढे बसलो आणि म्हणालो, "आजी, माझे चुकले. तुम्ही नऊच दाबत होता." त्या काही बोलल्या नाहीत. ते गृहस्थ मात्र मोठे समंजस. ते मुकाट्याने खाली गेले आणि त्यांनी घंटी दिली. आजींनी फोन उचलला, "कोण?" म्हणून विचारले, आणि बोट नीट रोखून नऊ दाबला. दार उघडले. त्यांनी दार लोटून पुन्हा घंटी दिली. आजींनी पुन्हा उघडले. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी आजी हसल्या आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "फादर, मलापण वाटायला लागले होते, माझेच डोके फिरले की काय."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही. चार माणसांनी चार वेळा सांगितले की माणूस स्वतःच्या बोटावरही अविश्वास दाखवू लागतो. वृद्धाश्रमाचा विषय मी काढला नाही. रात्री मुलाला सर्व सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग एवढेच म्हणाला, "मी तो फोन एकदाही स्वतः दाबून पाहिला नाही."

आता थोडे व्यवहाराचे. आपल्यापैकी कोणाच्या मुलाच्या इमारतीत अशी पेटी किंवा इंटरकॉम असेल आणि दार उघडत नसेल, तर पुढील क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम, हे कधीपासून व त्यापूर्वी काय बदलले ते विचारावे. घरचा नंबर बदलला आणि पेटीच्या यादीत जुनाच राहिला, असे पुष्कळदा होते. दुसरे, घंटी वाजते काय? न वाजल्यास तार, यादी किंवा पेटीची वीज पाहावी. फोन व्यस्त असला अथवा निरोप टिपणाऱ्या यंत्राने तो आधीच उचलला, तरीही माणसापर्यंत हाक पोहोचत नाही. तिसरे, बोलणे ऐकू येते काय? चौथे, दुसऱ्या घरातून दार उघडते काय? उघडत असेल तर खटका व त्याची वीज ठीक आहेत. कोणाच्याच घरातून उघडत नसेल तर कारागिरास बोलवावे, विजेच्या जोडणीला आपण हात लावू नये. पाचवे, त्याच घरातून दुसऱ्या माणसाने दाबून पाहावे. आता पुष्कळ ठिकाणी टेलिफोन तांब्याच्या तारेऐवजी इंटरनेटवरून चालतात. तेथे कधी कधी आवाज लहान करून पाठविताना सूर बिघडतो आणि पेटीला तो ओळखता येत नाही. अशा वेळी फोन पुरविणाऱ्याकडून त्याची जुळवणी बदलून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट. वीज गेल्यावर काही कुलुपे बंदच राहतात व काही आपोआप उघडतात. लोहचुंबकाची कुलुपे दुसऱ्या जातीची. आपल्या इमारतीत कोणते आहे ते विचारून ठेवावे. आणि कुलूप कोणतेही असो, आग लागल्यास आतून बाहेर पडणारास दार किल्लीवाचून उघडता आले पाहिजे, याची खात्री करून घ्यावी.

हा क्रम मी त्या गृहस्थांकडून शिकलो. घरात मूल परीक्षेत मागे पडते, सुनेच्या हातून काही बिघडते, म्हातारी माणसे तेच तेच विचारतात. आणि आपण पहिल्याच क्षणी माणसावर बोट ठेवतो, कारण माणूस समोर असतो आणि तार भिंतीत असते. दोष माणसाचा कधीच नसतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तो असतोही. परंतु त्याच्या जागी आपण स्वतः बसून, त्याचेच बटण एकदा आपल्या बोटाने दाबून पाहावे आणि मगच बोलावे. माझ्या बाबतीत त्याला तीन मिनिटेही लागली नाहीत. आणि ती तीन मिनिटे न दिल्यामुळे एक म्हातारी बाई जवळजवळ महिनाभर स्वतःला वेडी समजत होती.

माझा तेथला मुक्काम पुढच्या मे महिन्यात संपला. तोवरच्या प्रत्येक गुरुवारी मी तो संकेत दाबी. वरून आवाज येई, "कोण?" मी नाव सांगे. मग माझे नाव नीट ऐकू आले असूनही आजी मुद्दाम क्षणभर थांबत आणि म्हणत, "थांबा हं फादर, नऊ दाबते."

आणि दार उघडे.